सीटी अँजिओ, काका आणि भंडाऱ्याचा डोंगर

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी, लॅपटॉप बॅगेत टाकत असतानाच एचआरचा मेल आला. 'आपल्या हृदयाची काळजी घ्या' असा मथळा, खाली लाल बदाम, आणि कर्मचाऱ्यांसाठी सवलतीत तीन पॅकेजेस. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनममध्ये सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. वयाची अट नाही, तक्रारीची अट नाही, फक्त शनिवारी सकाळी उपाशीपोटी या. सोमवारपर्यंत आमच्या टीममधल्या चौघांनी प्लॅटिनमवर टिक केलं होतं. चौघांत सगळ्यात मोठा सदतीस वर्षांचा.

मी केलं नाही. "का रे, घाबरतोस का सुईला?" असं टपरीवर विचारलं गेलं. खरं उत्तर एका कटिंगमध्ये बसणारं नव्हतं, म्हणून हा लेख. थोडा लांबणार आहे, आणि त्यासाठी आधी आमच्या गावाला जावं लागेल.

आमचं गाव सुदुंबरे. तळेगाव-चाकण रस्त्यावर, मावळ तालुक्यात. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्याकडची. (बॅकअप घेणारा माणूस आमच्या गावचा, हे मी ऑफिसात दर सर्व्हर क्रॅशला ऐकवतो :-) ) एनडीआरएफची पाचवी बटालियन इथे आहे, एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि जवळच भंडाऱ्याचा डोंगर. तुकोबा जिथे चिंतनाला बसायचे तो. माघ शुद्ध दशमीला तिथे सोहळा असतो, आणि माझे थोरले काका मला आठवतंय तेव्हापासून दर वर्षी पायी डोंगर चढत आले.

दोन वर्षांपूर्वी दशमीला ते म्हणाले, "या वर्षी तुम्ही जावा, मी खालूनच हात जोडतो." वय एकसष्ट. आम्हाला वाटलं, झालं आता वय.

त्याच सुमारास काका गप्पिष्ट झाले. म्हणजे असं, की घरापासून रस्त्यापर्यंत जायला आधी पाच मिनिटं लागायची, आता वीस लागायला लागली. कारण वाटेत ते थांबायचे. आधी पाराजवळ, मग किराणा दुकानाशी, मग कोणाच्या तरी गोठ्याशी. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं बोलायचे, बिडी शिलगवायचे आणि पुढे निघायचे. काकू वैतागायच्या, "सगळ्या गावाची खबर ह्यांनाच पाहिजे." आम्ही हसायचो.

ते बोलायला थांबत नव्हते. त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा यायचा. शंभर-सव्वाशे पावलं झाली की पोटरी भरून यायची, दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी व्हायची, पुन्हा तेवढीच पावलं. जर्मन लोकांत या दुखण्याला 'दुकानांच्या काचा बघण्याचा आजार' असं नाव आहे म्हणे. शहरात माणूस लाज झाकायला शोकेससमोर उभा राहतो. आमच्याकडे शोकेस नाहीत, गोठे आहेत.

शेवटी काकूंनी जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. कुठल्या ते सांगत नाही, आणि त्या डॉक्टरांवर मला राग काढायचाही नाही. चालताना पाय दुखतो, वय साठीचं, आयुष्यभर शेतात वाकून काम केलेलं. मणका, असं निदान झालं. एमआरआय झाला. आता साठीच्या शेतकऱ्याच्या मणक्याचा एमआरआय काढला तर त्यात काहीतरी दिसणारच, तसं दिसलं. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली. मग पट्टा, शेक, गोळ्या. आठ महिने.

मी स्वतः तो एमआरआयचा रिपोर्ट वाचला होता. दोनदा. गूगल करून. मोठ्या आत्मविश्वासाने घरी सगळ्यांना समजावून पण सांगितलं होतं की बघा, इथे नस दबली आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ही खोड. लॉगमध्ये एक लाल ओळ दिसली की तोच बग. ती ओळ दोन वर्षांपासून तशीच येत असेल, तिचा आजच्या क्रॅशशी काही संबंध नसेल, हे नंतर कळतं.

आठव्या महिन्यात चप्पल लागून उजव्या करंगळीला फोड आला. फुटला. भरेना. हळद झाली, मलम झालं, ड्रेसिंग झालं. सात आठवडे झाले तरी जखम तशीच, उलट कडेने काळी पडायला लागलेली, आणि रात्री पाय इतका ठणकायचा की काका खाटेवरून पाय खाली सोंडून बसून झोपायचे. तेव्हा कुठे मी रजा टाकली आणि त्यांना पिंपरीत एका सर्जनकडे घेऊन गेलो.

सर्जन म्हणजे पोरगेलासा मुलगा, माझ्याहून लहान असेल. त्याने फाइल बाजूला ठेवली. (फाइल जाड होती. मी ती तारीखवार लावून नेली होती, टॅब लावून. त्याने उघडली नाही याचं मला थोडं वाईटच वाटलं.) त्याने विचारलं, "बाबा, चालताना दुखलं की बसावं लागतं का? का नुसतं उभं राहिलं तरी थांबतं?"

काका म्हणाले, "उभं राह्यलं की थांबतं."

"वाकावं लागत नाही?"

"न्हाई."

एवढंच. मणक्यात नस दबलेली असली तर नुसतं उभं राहून सहसा भागत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. रक्त कमी पडत असेल तर स्नायूला फक्त काम थांबायला हवं असतं, मग माणूस उभा असो की बसलेला. हा प्रश्न फुकट होता. आठ महिन्यांत कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

मग त्याने खाली वाकून दोन्ही पावलांवर बोटं ठेवली. डावीकडे नाडी लागली, उजवीकडे नाही. मग रक्तदाब मोजायचा साधा पट्टा घोट्याच्या वर बांधला आणि पेनाएवढ्या डॉपलरने आवाज ऐकत दाब मोजला. हाताला १४०, उजव्या घोट्याला ७०. भागिले, ०.५. निरोगी माणसाच्या घोट्यातला दाब हाताएवढा किंवा थोडा जास्तच असतो, म्हणजे भागाकार एक किंवा जरा वर. ०.९ च्या खाली गेला की पायाच्या रोहिण्यांमध्ये अडथळा आहे असं धरतात. याला अँकल-ब्रेकियल इंडेक्स म्हणतात. (मधुमेह्यांमध्ये किंवा किडनीच्या आजारात रोहिण्या चुन्यासारख्या कडक झालेल्या असतात, पट्ट्याने दबतच नाहीत, आणि आकडा खोटा चांगला येतो. काकांना मधुमेह नव्हता.) सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

आणि आता तो म्हणाला, "सीटी अँजिओ करू."

हा क्रम लक्षात ठेवा, कारण मला जे म्हणायचंय ते या क्रमातच आहे. अडथळा आहे हे त्याला सीटीच्या आधीच माहीत होतं. सीटीला त्याने एक नेमका प्रश्न विचारला. अडथळा कुठे सुरू होतो, किती लांब आहे, त्याच्या खाली रोहिणी पुन्हा भरते का, आणि बायपासची नळी जोडायला खाली चांगली जागा आहे का? नुसतं चालताना दुखत असतं तर कदाचित त्याने सीटी सांगितलंच नसतं. बिडी बंद, रोज ठरवून चालणं, अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, असं आधी करून पाहतात. जखम भरत नव्हती म्हणून घाई होती. पाय वाचवायचा होता.

आता थोडं मशीनबद्दल, कारण ते मला फार आवडलं, आणि ब्लॉग माझा आहे.

सीटीचा बाप गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा आपल्याच जातीचा, म्हणजे इंजिनिअर. विद्यापीठाची पदवी नाही. ईएमआय कंपनीत आधी ट्रान्झिस्टरवर चालणारा कॉम्प्युटर बांधला, मग हे. पहिला पेशंट १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला, आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. ईएमआयकडे बीटल्सच्या रेकॉर्ड्स होत्या, म्हणून सीटी बीटल्सच्या पैशातून निघालं अशी एक गोष्ट फिरते. ऐकायला छान आहे, पण त्या कामात ब्रिटिश आरोग्य खात्याचे पैसे मोठे होते. चित्रातला प्रत्येक ठिपका क्ष-किरण किती अडवतो याच्या मापाला आजही हाउन्सफील्डचंच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड कित्येक शेकडा.

गोची अशी की रक्त आणि भोवतालचं मांस यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीनवालं औषध सोडतात, सेकंदाला चार-पाच मिलिलिटर, पंपाने. ते रक्तात असेपर्यंत रोहिण्या तीनशे-चारशे आकड्यावर उजळून निघतात. काका सांगत होते की अंगात एकदम गरम वाफ फिरल्यासारखं झालं आणि चड्डीत लघवी झाली की काय असं वाटलं. सगळ्यांना तसंच वाटतं म्हणे. हे औषध किडनीवाटे बाहेर जातं, म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात.

पण औषध रोहिणीत असतं काही सेकंदच. मग स्कॅन सुरू कधी करायचा? इथे मी टेक्निशियनच्या डोक्यावर उभा राहिलो होतो, काचेपलीकडे. मशीन पोटातल्या महारोहिणीवर एक छोटा गोल ठेवतं आणि तेवढ्याच जागेचं कमी डोसचं चित्र पुन्हा पुन्हा घेत राहतं. आकडा वाढला? नाही. वाढला? नाही. एका ठरावीक आकड्याच्या वर गेला की ट्रिगर, आणि टेबल धावायला लागतं. पोलिंग आणि कॉलबॅक! माणसाच्या महारोहिणीवर पोलिंग!

आणि मग रेस कंडिशनही आली. रक्त तुंबलेल्या पायात औषध हळूहळू उतरतं. नवी मशिन्स इतकी वेगवान आहेत की टेबल औषधाच्या पुढे निघून जाऊ शकतं. तसं झालं तर गुडघ्याखाली औषध पोचायच्या आधीच फोटो निघतो आणि चालू असलेली रोहिणी बंद दिसते. म्हणजे मशीन जितकं फास्ट तितकं उत्तर बरोबर, असं नाही. टेक्निशियनने टेबल मुद्दाम सावकाश चालवलं, आणि गुडघ्यापासून खाली दुसरी फेरी घेतली. मी विचारलं, दुसरी कशाला? तो म्हणाला, "ह्या बाबांचं रक्त निवांत येतंय. पहिल्यात नसलं आलं तर दुसऱ्यात येईल." काकांचा पाय रक्ताला मंद आहे हे त्याला चिठ्ठीवरून आधीच कळलं होतं. चिठ्ठीवर तो ०.५ लिहिलेला होता.

चित्र आलं. उजव्या मांडीतली मोठी रोहिणी मध्येच संपलेली, चौदा सेंटिमीटर काहीच नाही, आणि गुडघ्याच्या जरा वर पुन्हा सुरू. मधल्या भागात बाजूने बारीक बारीक फाटे, वेडेवाकडे. तळेगाव-चाकण रस्ता जाम झाला की आमच्या गावातले लोक पाणंदीतून गाड्या काढतात, अगदी तसं. पोचतात, पण ट्रक जात नाही. काकांची पोटरी शंभर पावलं चालायची ती या पाणंदीवर.

मांडीतलीच स्वतःची शीर वापरून बायपास झाला. करंगळी काढावी लागली. पाय राहिला. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, त्याआधीचा एमआरआय आणि सीटी आमच्या खिशातून. "दोन महिने आधी आला असता तर बोटही राहिलं असतं बहुतेक," असं सर्जन मला जिन्यात म्हणाला. मी काकांना ते अजून सांगितलेलं नाही.

आता परत ऑफिसात.

१४ डिसेंबर २०२३ ला श्रेयस तळपदेला हार्ट अटॅक आला. वय ४७. दिवसभर शूटिंग करून घरी आला आणि कोसळला. अँजिओप्लास्टी झाली, सुदैवाने वाचला. तो आमच्या पिढीचा हिरो. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर दुसरा विषय नव्हता, आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने लगेच जाऊन हृदयाचं सीटी अँजिओ करून घेतलं. वय ३८. छातीत दुखत नव्हतं, धाप लागत नव्हती, दर रविवारी सिंहगड चढत होता.

रिपोर्टमध्ये आलं: मुख्य रोहिणीच्या एका फांदीत '४० ते ५० टक्के' अरुंदपणा.

या टक्क्यांबद्दल एक हिशोब करून बघा. हृदयाची रोहिणी साधारण तीन मिलिमीटरची. सीटीला दिसणारा सगळ्यात बारीक तपशील साधारण अर्धा मिलिमीटर. म्हणजे अख्खी रोहिणी सहा ठिपक्यांची. त्यात अर्धी बंद म्हणजे तीन ठिपके. एक ठिपका इकडे की तिकडे यावर तुम्ही ४० चे ५० होता किंवा ६० चे. त्यात चुना असेल तर तो चित्रात फुगून असतो त्याहून मोठा दिसतो. शिवाय हे सगळं धडधडणाऱ्या हृदयात. म्हणून तर ठोके साठीच्या आसपास आणायला आधी गोळी देतात आणि ईसीजीच्या तालावर दोन ठोक्यांमधल्या स्थिर क्षणी फोटो काढतात. रेडिओलॉजिस्टना हे सगळं माहीत असतं, म्हणूनच ते एक आकडा न देता पट्टा देतात. माझ्या मित्राने मात्र '५०' एवढंच वाचलं. निम्मं हृदय बंद, असं.

पुढचं सहा महिन्यांचं थोडक्यात सांगतो. एका हॉस्पिटलने सुचवल्यावरून मनगटातून नळी घालून नेहमीची अँजिओग्राफी. निकाल 'किरकोळ'. स्टेंटची गरज नाही. मनगट आठवडाभर काळंनिळं. सिंहगड बंद. रात्री छातीवर हात ठेवून झोपणं. आणि तीन वर्षांच्या ऑफिस चेकअपमध्ये सलग वाढत गेलेलं वाईट कोलेस्टेरॉल, शेवटचं १६८, याच्याकडे पहिल्यांदा कोणी बघितलं ते या सगळ्यानंतर. स्टॅटिन सुरू करायला तो आकडा, बाप पन्नाशीत हार्ट अटॅकने गेलेला, आणि दिवसाला आठ सिगरेटी, एवढं पुरेसं होतं.

त्याच्या बायकोचं मत माझ्याविरुद्ध आहे, तेही लिहितो. ती म्हणते, "तुमचे ते आकडे तीन वर्षं त्याच्या इनबॉक्समध्ये पडून होते. सिगरेट सुटली ती तो लाल-निळा फोटो बघून." याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. फोटोची ताकद असते हे खरं.

आणि मी सीटीच्या विरोधात नाहीच. उलट, ज्याला छातीत दुखतंय आणि दुखणं हृदयाचं आहे की नाही हे कळत नाही, त्याच्यासाठी याहून चांगली पहिली तपासणी क्वचितच असेल. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ लोकांवर स्कॉट-हार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये त्याचे पाच वर्षांचे निकाल आले. नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी केलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक २.३ टक्के, न केलेल्यांत ३.९ टक्के. हा फरक लहान नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१६ पासूनच अशा लोकांसाठी सीटीला पहिली पसंती दिलेली आहे. युरोपात २०२२ मध्ये डिस्चार्ज नावाचा अभ्यास आला, ३,५६१ लोकांचा. तिथे थेट नळी घालण्यापेक्षा आधी सीटी केलं तर प्रक्रियेतून होणारे मोठे धोके ०.५ टक्के, नळीत १.९ टक्के. नळीने फक्त रोहिणीचं आतलं पोकळ दिसतं, सीटीत भिंतीतला थरही दिसतो, हे आणखी एक.

पण स्कॉट-हार्टमधली खरी गंमत वेगळीच आहे. पाच वर्षांत दोन्ही गटांत स्टेंट आणि बायपास जवळजवळ सारखेच झाले. फरक पडला तो मुख्यतः औषधांनी असं मानलं जातं: सीटीवाल्यांत प्रतिबंधक औषधं जास्त जणांना सुरू झाली. म्हणजे यंत्राने माणसं वाचवली ती स्टॅटिनच्या गोळीवाटे. आणि हो, हे सगळे लोक तक्रार घेऊन आले होते. पॅकेज घेऊन नाही.

तक्रार नसलेल्यांचं काय? स्वीडनमध्ये ५० ते ६४ वयाच्या, हृदयविकार माहीत नसलेल्या पंचवीस हजारांवर लोकांचं सीटी केलं गेलं, निकाल २०२१ चे. ४२ टक्के लोकांच्या रोहिण्यांत काही ना काही थर सापडला. निम्म्याहून जास्त बंद असलेले ५.२ टक्के. म्हणजे त्या वयात 'काहीतरी सापडणं' हीच जवळपास रीत आहे, काकांच्या मणक्यातल्या गादीसारखी. आणि अमेरिकेत युटामध्ये तक्रार नसलेल्या ९०० मधुमेह्यांवर, म्हणजे भरपूर धोका असलेल्यांवर, हाच प्रयोग झाला. २०१४ च्या निकालांत सीटी करून शोधलेल्यांना ठोस फायदा दाखवता आला नाही.

आपल्याकडे हृदयविकार लवकर येतो, त्या गोऱ्यांचे आकडे आपल्याला लावू नका, असं कोणी म्हणेल. पहिला भाग बरोबर आहे. पण त्यावरून निघतं ते एवढंच की आपण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि घरातला इतिहास दहा वर्षं आधी बघायला लागलं पाहिजे. तिशीतल्या माणसाला सरसकट क्ष-किरण आणि आयोडीन द्यावं, असं त्यातून निघत नाही. आजच्या चांगल्या मशीनवर डोस बराच कमी झालाय, नीट केलं तर पाचएक मिलिसिव्हर्टच्या आत. पण फुकट नाही. माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळतो तो सरासरी २.४.

टपरीवर चर्चा निघालीच आहे तर अजून एक. तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना, चाळीस-पंचेचाळिशीच्या आत, बर्गर्स डिसीज नावाचा एक आजार होतो. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९०८ मध्ये तो नीट वर्णन केला. हातापायाच्या टोकांकडच्या बारीक रोहिण्या सुजून बंद होतात. अँजिओग्राफीत तिथे स्क्रूसारखे पिळलेले फाटे दिसतात. यात बायपास बहुतेकदा जोडताच येत नाही, कारण खाली जोडायला चांगली रोहिणीच उरलेली नसते. तंबाखू पूर्ण सोडणं हाच उपाय, आणि अर्धवट सोडून चालत नाही. माझ्या टीममध्ये प्लॅटिनम निवडलेल्या चौघांपैकी तिघं हे ऐकताना सिगरेट ओढत होते. बोटं गार पडतात का, थंडीत पांढरीनिळी होतात का, चालताना तळपाय दुखतो का, असं मी विचारलं. एकाने बूट काढून पाय बघितले, इतकं मात्र झालं.

मला खुपतं ते हे. आमच्या ऑफिसपासून सुदुंबरे एका तासावर आहे. इथे तक्रार नसलेल्या पोराला शनिवारी सकाळी सवलतीत अँजिओ मिळतं, आणि तिथे शंभर पावलांवर थांबणाऱ्या म्हाताऱ्याच्या पावलावर आठ महिने कोणी बोट ठेवत नाही. मशीन कमी आहेत असं नाही, पिंपरी-चिंचवडमध्ये गल्लोगल्ली आहेत. घोट्याला पट्टा बांधणारा माणूस कमी आहे. तो पट्टा आणि तो छोटा डॉपलर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवला, आणि चाळिशीपुढच्या प्रत्येक बिडीवाल्याला 'चालताना थांबावं लागतं का' एवढं विचारलं, तर सीटीच्या दारात योग्य माणसं वेळेवर पोचतील. आमच्या कंपनीच्या सीएसआरच्या बजेटात हे सहज बसतं. मी एचआरला तसा मेल केलाय, प्लॅटिनमच्या फॉर्मऐवजी. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. बघू.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. काका आता विजेचे खांब मोजत चालतात, सर्जनने तसं सांगितलंय. समाधी मंदिराच्या रस्त्याने अकरा खांब न थांबता झाले. बिडी सुटली, निदान माझ्यासमोर तरी. काकू मात्र ओट्यावर बसून मिश्री लावत होत्या, गेली चाळीस वर्षं लावतात तशी, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची. "मला काय धाड भरलीये," म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, रस्त्यापर्यंत जाताना तुम्हाला मध्ये थांबावं लागतं का? त्या म्हणाल्या, "थांबते की. तो रखमाचा गोठा लागतो ना."

या बुधवारी त्यांना पिंपरीला घेऊन जातोय.